पांदणीची सायकल

ती घरी आली तेव्हाच तिचं तोंड फिरवलेलं होतं, आणि ते आमच्या लक्षात यायला नऊ दिवस लागले.

भाच्याचा दहावीचा निकाल लागला आणि ही आली. करडा रंग, जाड खाचदार टायर, पुढे दणके गिळणारा चिमटा, दोन्ही चाकांना डिस्क, एकवीस गिअर. डोंगरी सायकल म्हणतात तिला. जालन्यात तिला डोंगर फारसे नाहीत. भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याची रांग डोकावते, अंबडला मत्स्योदरीची टेकडी आहे. बाकी सगळा काळ्या रानाचा, हलक्या चढउतारांचा मुलूख. पण पांदणी आहेत, शिवरस्ते आहेत, घाणेवाडीच्या तलावाकडच्या मुरमाड वाटा आहेत. बैलगाडीच्या चाकोऱ्या, सुटी खडी, मध्येच ओढ्याची उतरण. तिचं टायर अशाच वाटांसाठी घडवलेलं असतं.

पहिल्या दिवसापासून भाचा एकच सांगत होता, "मामा, वळताना ही मला ढकलते." बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासायचं. मला वाटलं, पोरगा नवा आहे, सवय होईल. नवव्या दिवशी मुरमाच्या वळणावर चाकाने बूट धरला आणि तो कोपरावर पडला. माझी ती चूक मला अजून टोचते. पोरगा खरं सांगत होता आणि सायकलही तेच सांगत होती. मी दोघांचंही ऐकलं नाही.

जुना जालन्यातल्या एका चाचांकडे तिला घेऊन गेलो. चाचा चाळीस वर्षं सायकलीच दुरुस्त करतात. त्यांनी काही विचारलं नाही. उकिडवे बसले, पुढच्या चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, हिचा चिमटा उलटा आहे." सायकल कारखान्यातून खोक्यात येते. जागा कमी लागावी म्हणून हँडल सोडवून वळवलेलं असतं आणि पुष्कळदा चिमटाही फिरवलेला असतो. ज्या दुकानातून ती घेतली तिथे कोणीतरी चिमटा सरळ न करता तसंच हँडल आवळून दिलं होतं. त्यामुळे पुढचं चाक पायाच्या बाजूला सरकलं होतं. चाचांनी हँडल ढिलं केलं, चिमटा अर्धं वर्तुळ फिरवला, पुन्हा आवळला. दहा मिनिटांचं काम. परत येताना भाचा एका हाताने चालवत होता, म्हणून मी त्याला ओरडलो.

त्यानंतर मी तिच्यापाशी बसायला लागलो. ओसरीत, सकाळी, चहाच्या आधी.

ती दुखणं लपवणारी नाही. चेन कोरडी पडली की चिमण्यांसारखी चिवचिवते. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच ठक् झालं, तर क्रँकचा नट किंवा पायडल ढिलं. तोच आवाज चाकाच्या फेऱ्याबरोबर येत असेल तर टायरमध्ये काही रुतलंय, आरी सैल झालीय किंवा डिस्क किंचित वाकून पॅडला घासतेय. आवाज कशाच्या फेऱ्याला येतो एवढं ओळखलं की निम्मं निदान झालं. पुढचा ब्रेक दाबून धरायचा, दुसरा हात हँडलच्या मुळाशी ठेवायचा आणि सायकल पुढे-मागे हलवायची. बोटांना टकटक लागली तर तिथली कटोरी ढिली. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल वळवून बघायचं. एकटंच वळलं तर निघायचं नाही.

हवा ती फार मोजून मागते. टायरच्या कडेला हवेच्या दाबाचे किमान-कमाल आकडे (पीएसआय) उमटवलेले असतात, पण ते कोणी वाचत नाही आणि पंपवाला पोरगा दगडासारखं कडक करून देतो. कडक टायर डांबरावर छान पळतं. खडीवर मात्र चेंडूसारखं उडतं आणि वळणावर पकड सोडतं. फार कमी भरली तर दगडावर रिम आपटते आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. जगभरचे सायकलवाले त्याला सर्पदंश म्हणतात. भाचा पन्नास किलोचा आहे. त्याला पांदणीवर तीसच्या आसपासचा आकडा मानवतो, गावातल्या रस्त्यावर चाळीस. तुमच्या टायरचे आकडे वाचा आणि त्यांच्या आत राहून तुमचा आकडा शोधा.

तिचा खरा वैरी सराटा. दिवाळीनंतर पांदणीच्या कडेला तो वाळून पसरतो, आणि जोडीला वेडी बाभूळ आहेच. पंक्चर काढून घरी येईपर्यंत पुन्हा हवा गेली, असं आमच्याकडे तीनदा झालं. चाचांनी कारण दाखवलं. ट्यूबला ठिगळ लागलं होतं, पण काटा टायरमध्येच बसून होता. तेव्हापासून ट्यूब बाहेर काढली की टायरच्या आतून जुन्या सुती फडक्याचा बोळा फिरवायचा. फडकं जिथे अडकेल तिथे काटा. बोटाने शोधू नये, तो बोटातच मोडतो. ट्यूब कानशीने खरवडायची, सोल्यूशन लावून पाच मिनिटं सुकू द्यायचं आणि मगच ठिगळ. ओल्या सोल्यूशनवर चिकटवलेलं ठिगळ आपल्या उन्हात टिकत नाही.

एकदा भाच्याने हौसेने तिला तेल पाजलं. फवाऱ्याचा डबा घेऊन चेनवर मारलं आणि त्यातले चार थेंब मागच्या डिस्कवर गेले. संध्याकाळी उतारावर ब्रेक दाबला, तर ती किंचाळली आणि थांबली मात्र नाही. समोर म्हशी होत्या. पाय घासत कसातरी थांबला. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. ते औषधाच्या दुकानात मिळतं. पॅडनी मात्र तेल प्यायलं होतं, ते बदलावेच लागले. आता घरात नियम आहे: डिस्कला बोट नाही, तेल नाही, आणि उतार उतरून आल्या-आल्या तर मुळीच हात नाही, भाजतं. तेल चेनच्या प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब, चेनला उलटे फेरे, मग फडक्याने बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. सांध्याच्या आत राहिलेलं तेल काम करतं. बाहेर राहिलेलं काळ्या मातीची धूळ धरतं आणि दात खातं. चेन किती झिजली ते शाळेच्या फूटपट्टीने कळतं. शून्यावर एका पिनेचा मध्य धरला की नव्या चेनची एक पिन बरोबर बारा इंचावर येते. ती सोळांश इंच पुढे गेली की चेन बदला. अष्टमांश गेली, तर मागचे दातेही गेले समजा.

चाकाच्या क्विक रिलीजच्या दांडीने मला सर्वांत जास्त घाबरवलं. पुष्कळ पोरं ती नटासारखी गोल फिरवून आवळतात. ती तशी नाहीच. ती दाबून मिटायची असते. अर्ध्या वाटेवर विरोध सुरू व्हायला हवा आणि पूर्ण मिटल्यावर तळहातावर तिचा वळ उठायला हवा. वळ नाही तर चाक घट्ट नाही. भाचा निघताना मला हात दाखवतो. लहानपणी जेवायच्या आधी आई हात बघायची, तसा मी बघतो.

जूनमध्ये तिचा दुसराच स्वभाव कळला. पहिल्या मोठ्या पावसानंतर भाचा कपाशीच्या बांधावरून गेला. आपली काळी माती ओली झाली की पायाला वहाणेसारखी चिकटते. तिथे जाड टायर काय करणार? चिमट्यात आणि मागच्या चाकात चिखल भरला, चाक जाम झालं. पोराने जोर लावून पायडल मारलं आणि मागचा गिअर ज्या लहान तुकड्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकला. चाचा म्हणाले, "वाकला ते चांगलं झालं. तो मऊ ॲल्युमिनियमचा मुद्दाम केलेला असतो, फ्रेम वाचावी म्हणून." स्वतः मोडून घराला वाचवणारं माणूस असतं, तसा हा तुकडा. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा, म्हणून एक जादा आणून ठेवावा. आणि सायकल उजव्या कुशीवर पडली असेल, तर मागचा गिअर आऱ्यांकडे झुकला नाही ना ते मागून बघितल्याशिवाय सर्वांत मोठ्या दातेचक्रावर चेन चढवू नये. गिअर आऱ्यांत गेला की चाक जागच्या जागी थांबतं.

तो चिखल घेऊन आम्ही गाड्या धुण्याच्या सेंटरवर निघालो होतो. चाचांनी अडवलं. त्या जोराच्या फवाऱ्याने पाणी छऱ्यांपर्यंत जातं आणि ग्रीस धुऊन नेतं. चिखल वाळू द्या, ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसा. जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही. हिला अर्धी बादली पुरते.

चाचांच्या काळ्या तळव्यावरचं ग्रीस बघताना मला एक लांबची गोष्ट आठवते. १९७६च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही तरुणांनी जुन्या जड सायकलींवर डोंगरउताराची शर्यत लावली. मागे फक्त पायडल उलटं दाबून लागणारा हबमधला ब्रेक. उतरता उतरता हब इतका तापायचा, की ग्रीस जळून धूर निघायचा. मग खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरून त्या उताराचं नावच 'रिपॅक' पडलं. आज जगभर चालणाऱ्या डोंगरी सायकलच्या शर्यतींचा उगम तिथला मानतात. म्हणजे या खेळाच्या पहिल्या प्रसिद्ध वाटेचं नाव दुरुस्तीवरून आलेलं आहे. चाचांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यांना छरे बसवता येत असणार." आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं चाक हातात घेतलं.

आता ती तीन वर्षांची झाली. फ्रेमवर सराट्याच्या वाटेचे ओरखडे आहेत, सीटची कड फाटली आहे, आणि सीटच्या दांडीवरची किमान खोलीची रेघ दिसू लागली, कारण भाचा उंच झाला. त्या रेघेच्या वर दांडी काढायची नसते, म्हणून लांब दांडी मागवली आहे. गेल्या महिन्यात डाव्या पायडलचं त्याने स्वतः काम केलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे त्याला सांगावं लागलं नाही.

तुमच्या घरी या वर्षी अशी सायकल येणार असेल, तर पैसे देऊन दुकानातून निघण्याआधी तिच्यासमोर एक मिनिट उभे राहा. पुढच्या चाकाची डिस्क चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला हवी. डिस्क नसेल, तर ब्रेक चिमट्याच्या पुढच्या बाजूला हवेत. तसं नसेल तर तिचं तोंड फिरवलेलं आहे, आणि ते सरळ करून घेतल्याशिवाय पोराला तिच्यावर बसवू नका.