ज्या पाण्यावर आपला हक्क नाही



आज काजूच्या पालवीबद्दल लिहिणार होतो. ते पुढच्या वेळी. येत्या रविवारी आमच्या वाडीच्या व्हाळावर बंधारा घालायचा आहे, म्हणून आज त्याबद्दलच लिहितो.

आमच्या आचऱ्यात पाऊस कमी नाही.  पण जमीन उताराची आणि खाली खाडी. चार महिन्यांत पाणी आलं तसं निघून जातं आणि एप्रिल लागला की विहिरीत कळशी बुडत नाही. त्यावर आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला व्हाळ अडवायचा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, दोन ओळी रचायच्या, मधे चिकण माती ठासायची. वीस माणसं आली तर जेवणाच्या वेळेपर्यंत काम आटपतं. वरच्या अंगाला पाणी तुंबतं, आजूबाजूच्या विहिरींचा झरा टिकतो, वायंगणाचं भात होतं, कुळीथ-चवळीला ओल राहते.

लक्षात घ्या, फायदा वरच्या अंगाला. खालच्या अंगाला काही नाही.

आमच्या बंधाऱ्याच्या खाली, खाडीच्या बाजूला एका किरिस्तांव काकांची जमीन आहे. खारी जमीन, पावसाळ्यात एक पीक आणि चार माड. बंधाऱ्याचं थेंबभर पाणी त्यांना मिळत नाही. तरी गेली अकरा वर्षं मी बघतोय, बंधाऱ्याच्या दिवशी सकाळची प्रार्थना आटपून हा माणूस आपलं खोरं घेऊन हजर. वय आता सत्तरीच्या पुढे. आम्ही चहा कोण आणणार यावर बोलत असतो तोवर त्यांच्या दहा गोण्या भरून झालेल्या असतात.

आता माझी गोष्ट सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगतो.

दोन वर्षांमागे माझं आणि माझ्या चुलतभावाचं गडग्यावरून वाजलं. हातभर जागेचा प्रश्न. बोलणं बंद झालं. डिसेंबर आला. बंधाऱ्याचं जास्त पाणी लागतं ते त्याच्या मळ्याला, कारण त्याचे कोपरे व्हाळाला लागून आहेत. माझ्या डोक्यात आलं, मी गोण्या भरायच्या आणि ह्याने वायंगण पिकवायचं? मी गेलो नाही. मी गेलो नाही म्हणून माझे दोघे मित्र गेले नाहीत. त्याची माणसं म्हणाली, ते येत नाहीत तर आम्हीच काय म्हणून? बंधारा राहिला.

दोन दिवसांनी आंब्याला फवारणी करायला वर चढलो होतो. तिथून व्हाळ दिसतो. बघतो तर काका एकटेच पाण्यात उभे. एक गोणी भरायची, कमरेला लावून ओढत न्यायची, ठेवायची, परत यायचं. मी पंप बंद केला आणि बघत राहिलो. खाली उतरलो नाही. दुसऱ्या दिवशीही ते होते. दोन दिवसांत एकट्या माणसाने कितीसं करणार? अर्धी ओळ झाली, ती पाण्याने नेली.

त्या मे महिन्यात माझ्या घरच्या विहिरीचा तळ दिसला. बायको आणि सून पाव किलोमीटरवरून पाणी आणत होत्या. बायको मला काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

जूनमध्ये काका तिठ्यावर भेटले. मी विचारलं, “काका, तुमका त्या पाण्याचो काय उपेग? कशाक एकट्यान मरत होतास?”

ते म्हणाले, “आमच्यात गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पाद्री बारा जणांचे पाय धुता. येशून आपल्या शिष्यांचे धुतले, म्हणान. माका पाय धुवूची पाळी येणा नाय. गोणी भरूक येता, ती भरतंय.”

मग थोडं थांबून म्हणाले, “त्या बारांत दगो देणारो पन होतो. येशूक तां म्हायत होतां. तरी त्याचेय पाय धुतल्यान.”

एवढंच. माझ्या भावाचं नाव नाही, गडग्याचं नाव नाही. मला समजायचं ते समजलं. तरीही त्या डिसेंबरात मी गेलो तो तोंड फिरवून. गोण्या भरल्या, भावाशी बोललो नाही.

पुढच्या जानेवारीत आम्ही काही शेतकरी अभ्यास सहलीला नगर जिल्ह्यात (आताचं अहिल्यानगर) गेलो होतो. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी गाव बघितलं. तिथे पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी कमी. पूर्वी उन्हाळ्यात टँकर लागायचा. १९९६ साली तिथे पाणलोटाचं काम सुरू झालं. डोंगराच्या माथ्यापासून समतल चर, खाली बांध, नाल्यात बंधारे. पाणी माथ्यावर अडवायचं आणि मग पायथ्याकडे यायचं.

हे काम ज्यांच्या खटपटीतून महाराष्ट्रात उभं राहिलं, ते फादर हरमन बाखर. स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू. १९४८ साली ते भारतात आले आणि उभं आयुष्य महाराष्ट्रातल्या दुष्काळी गावांत काढलं. १९८९ मध्ये जर्मनीच्या मदतीने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम सुरू झाला, त्यात नाबार्डही होती. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो आणि त्यांनी वॉटर ही संस्था काढली. २०२१ साली बाखर स्वित्झर्लंडमध्ये वारले.

मला त्या कार्यक्रमाची एक गोष्ट फार पटली. पैसे आले म्हणून लगेच वाटत सुटायचं नाही. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचं. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाने स्वतः पाळायची. हिशोब गावाची समिती बघणार. दरेवाडीत चराईबंदीला मेंढरं पाळणाऱ्यांचा विरोध झाला, तेव्हा सगळा डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद केला. म्हणजे सेवा करायची ती अशी, की पुढे समोरच्याला आपली गरज लागू नये. फुकट देणं त्यापेक्षा सोपं आहे. आणि डोंगरावर चर मारणाऱ्या माणसाला खालची विहीर भरल्याचं दिसतं ते कितीतरी पावसाळ्यांनंतर.

परतीच्या गाडीत आमच्यातला एक म्हणाला, “ह्या मिशनवाल्यांचो कायतरी हेतू असतलोच.” मी वाद घातला नाही. सगळ्यांच्या पोटातलं मला कुठे कळतं? पण मला माझ्या वाडीतले काका आठवले. अकरा वर्षांत त्यांनी मला कधी चर्चमध्ये चल म्हटलं नाही. गोण्या भरल्या आणि घरी गेले. फादर बाखर ज्या विहिरींसाठी झटले त्या त्यांच्या स्वतःच्या नव्हत्या. काकांच्या शेतात तर बंधाऱ्याचं पाणी जाणारच नाही. मी मात्र भावाचा मळा भिजेल म्हणून माझी स्वतःची विहीर सुकवली होती.

यंदा काकांचा गुडघा गेला आहे. डॉक्टरांनी पाण्यात उभं राहू नका सांगितलंय. परवा त्यांचा निरोप आला, “गोणयो माज्या पडवेर ठेवलंय, घेऊन जावा.” साठ गोण्या. वर्षभर बांधकामांवर फिरून जमवलेल्या, धुऊन, वाळवून, घडी घालून.

काल संध्याकाळी मी चुलतभावाच्या खळ्यात गेलो. तीन वर्षं पूर्ण व्हायला आली होती. तो काही बोलला नाही, वहिनीने पाणी दिलं. मी म्हटलं, “रविवारी बंधारो घालूचो असा. तुझ्या बाजूची ओळ मी रचतंय.” तो म्हणाला, “बघूया.” गडग्याचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. तो सुटलेला नाही, हे खरं सांगतो.

तो येईल की नाही मला माहीत नाही. मी जाणार.

वाडीतल्या सगळ्यांनी रविवारी सकाळी आठ वाजता व्हाळावर यावं. खोरं आणि घमेलं आपापलं आणावं. ज्यांच्या शेताला पाणी लागत नाही त्यांनीही यावं. चहा माझ्याकडे.