गुलशनाबाद ते येवला, वाटेत द्राक्षमळा

२६ जानेवारीला शाळेत झेंडावंदन उरकले आणि त्याच संध्याकाळी आम्ही चार शिक्षकांच्या घरची अकरा माणसे नागपूर स्टेशनवर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलो. सात मोठे, चार मुले. सोबत खिमा-पराठ्यांचे दोन मोठे डबे, लोणच्याची बरणी आणि खालाजानची नमाजची चटई. व्हॉट्सअॅपवर आलेल्या मराठी पत्रकात लिहिले होते, ‘नाशिकहून एक दिवसाची सहल : लेणी, जुने नाशिक, येवला आणि द्राक्षमळा भेट, मार्गदर्शकासह.’ संत्र्याच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला द्राक्षाचा मळा पाहायची हौस असतेच. पैसे आगाऊ भरून टाकले.

पहाटे नाशिक रोडला उतरलो तेव्हा थंडीने दात वाजत होते. वेटिंग रूममध्ये वुजू करताना नळाचे पाणी बोटांना चावत होते. फज्र झाली, चहा झाला आणि साडेसातला टेम्पो ट्रॅव्हलर आली. ड्रायव्हर मालेगावचे, आमच्याच वयाचे. आम्ही सलाम केला तसे त्यांचा चेहरा खुलला. मार्गदर्शक म्हणून आलेला तरुण नाशिकचाच होता, इतिहासात एम. ए. केलेला आणि बोलायला गोड.

पहिला मुक्काम पांडवलेणी. नाव पांडवांचे असले तरी ही बौद्ध लेणी आहेत, एकूण २४. पायऱ्या चढून दमलेल्या मुलांना त्याने दहाव्या लेण्यातला एक शिलालेख दाखवला. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा हा लेख, सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्खूंसाठी तीन हजार कार्षापण दान दिले, पण हातात दिले नाहीत. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, हजारांवर शेकडा पाऊण, आणि त्या व्याजातून भिक्खूंना वस्त्रे. मुद्दल कधी मोडायचे नाही. आमच्या गणिताच्या सरांनी तिथेच हिशेब मांडला. व्याजाचा मामला म्हणून खालाजानने नाक मुरडले, पण विणकरांवर राजाच्या जावयाचा एवढा विश्वास, हे त्यांनाही आवडले.

मग जुने नाशिक. मोगलांच्या काळात या शहराचे नाव गुलशनाबाद होते, हे आमच्या मुलांना माहीत नव्हते. खरे सांगायचे तर आमच्यातल्या दोघांनाही नव्हते. बडी दर्गाह परिसरात गेलो, फातिहा पढलो. तिथून चढ-उताराच्या बोळांतून सराफ बाजाराकडे, पेशव्यांचा सरकारवाडा बाहेरून पाहिला, तांब्या-पितळेची दुकाने पाहिली. गोदावरीचा घाट, वाडे, मशिदीचे मिनार, भांड्यांवर पडणाऱ्या हातोड्यांचा आवाज, सगळे पायी फिरण्याच्या अंतरात. आमच्या महालची आणि मोमिनपुऱ्याची आठवण झाली. इथे अर्धा दिवस हवा होता, मिळाला दीड तास.

गाडीत परत बसलो आणि मार्गदर्शकाने प्रत्येक मोठ्या माणसाच्या हातात एक कूपन ठेवले. त्यावर द्राक्षाच्या घडाशेजारी पेल्याचे चित्र. “वायनरीत टेस्टिंगसाठी,” तो सहज म्हणाला, “पाच प्रकार चाखायला मिळतील. मुलांना ज्यूस.”

गाडीत शांतता पसरली. द्राक्षमळा म्हणजे वाइनचा कारखाना, हे पत्रकात कुठेच नव्हते. त्या मुलाची चूक नव्हती. त्यालाही कोण प्रवासी येणार ते कुणी सांगितले नव्हते. तो इतका ओशाळला की आम्हीच त्याची समजूत काढली. प्रश्न मात्र उरला. खालाजान म्हणाल्या, “गाडी थेट येवल्याला घ्या.” ज्या दस्तरखानावर शराब फिरते तिथे बसू नये, ही हदीस घरातल्या लहानालाही ठाऊक असते. विज्ञानाच्या सरांचे म्हणणे, मळा बघायला आणि काम कसे चालते ते समजून घ्यायला काय हरकत? बसायचे नाही, खायचे-प्यायचे नाही. अकरावीतली मुलगी मध्येच म्हणाली, “द्राक्ष हलाल, रस हलाल, सिरका हलाल. मग मधल्या कोणत्या घडीला ते हराम होते, हे मला बघायचंय.” तिच्या अम्मीने डोळे वटारले. आम्ही बाकीचे गप्प, कारण प्रश्न चांगला होता.

शेवटी तोड निघाली. जेवण तिथले घ्यायचे नाही, डबे आहेतच. खालाजान आणि आणखी दोघे बाहेर मळ्यात थांबतील, बाकीचे कारखाना पाहून चाखण्याच्या खोलीआधीच मागे फिरतील. खालाजान अखेरपर्यंत राजी नव्हत्या. त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे आम्हालाही म्हणता येत नाही.

निफाड तालुका लागला. पेपरात हिवाळ्यात वाचतो तेच निफाड, राज्यातला सगळ्यात कमी पारा जिथे नोंदला जातो ते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. खायच्या द्राक्षाच्या बागा मांडवासारख्या, वाइनच्या द्राक्षाच्या वेली तारांच्या कुंपणासारख्या रांगेत. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे, बियांचे. खाल्ले तर गोड असते, पण तोंडात साल आणि बियाच जास्त. तोडणी जानेवारी ते मार्च, त्यामुळे आम्ही ऐन हंगामात पोहोचलो होतो. क्रेट भरून ट्रॅक्टर येत होते.

आत पाहिले ते थोडक्यात असे. घडांचे देठ वेगळे होतात, मणी फुटतात. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच सालीपासून वेगळा करतात. लाल वाइनसाठी सालीसकट पोलादी टाक्यांत ठेवतात, रंग सालीतून येतो. मग यीस्ट रसातली साखर खाते, तिचा अल्कोहोल आणि कार्बन डाय-ऑक्साइड होतो. टाकीला थंड पाण्याचे वेष्टण, नाहीतर आंबताना उष्णता फार वाढते. अल्कोहोलचे प्रमाण बहुधा बारा ते चौदा टक्क्यांवर जाते. तिथून पुढे हवा आणि जिवाणू लागले की सिरका. आमच्या अकरावीवालीला तिची घडी मिळाली. ती एका क्षणाची नव्हती, आठ-पंधरा दिवसांची होती. टाकीवरचा काटा बघत ती बराच वेळ उभी राहिली.

एका टाकीवर पाटी होती, ‘शिराझ’. उर्दू शिकवणाऱ्याच्या पायाखाली हे नाव आले की पाय थांबणारच. सादी आणि हाफिज यांचे शहर! कारखान्यातल्या माणसाने सांगितले की हे द्राक्ष इराणहून आले. कथा छान आहे, पण १९९०च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या डीएनए तपासणीत या वेलीचे आई-बाप दोन्ही फ्रान्सचे निघाले आहेत. वर्षभर वर्गात साकी, पैमाना, मयखाना समजावून सांगणारे आम्ही, समोर खरा पैमाना ठेवलेला दिसताच दाराकडे वळलो. मुलांना मात्र रियाज खैराबादींचे सांगितले. उर्दूत शराबवरच्या शायरीचे इमाम म्हणून त्यांचे नाव घेतात आणि त्यांनी आयुष्यात कधी प्यायली नाही असे सांगतात. गालिबविषयी मुलांनी विचारले नाही, आम्हीही काढले नाही.

सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, वाइनला करात सवलती दिल्या, इथून जवळ विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा केवढा वाद झाला, वाचकांना आठवत असेल. दोन्ही वेळा कारण एकच सांगितले गेले : शेतकऱ्याचा फायदा. म्हणून शेजारच्या बागेत शेतकरी भेटले तेव्हा विचारून घेतले.

खालाजान त्यांच्याच बांधावर चटई टाकून बसल्या होत्या आणि त्यांच्या कारभारणीशी गप्पा रंगल्या होत्या. शेतकरी साठीचे, गळ्यात तुळशीची माळ. चार एकरांत खायचे द्राक्ष, एकरभर वाइनचे. म्हणाले, “सर, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, फवारण्या, मजुरी, वर्षभर पैसा ओतायचा. ऐन तोडणीला पाऊस आला की मण्यांना तडे, माल मातीमोल. कधी व्यापारीच माल नेऊन पळतो. वाइनच्या एकराचा भाव आधी ठरतो. जास्त नसतो, पण ठरतो.” तुम्ही घेता का, असे आमच्यातल्या एकाने विचारले. त्यांनी माळेला हात लावला. “आम्ही माळकरी. पंढरीची वारी आहे घरात.”

काटोल-वरुडच्या रस्त्याला भाव पडल्यावर ओतून दिलेली संत्री आम्ही पाहिली आहेत. त्या माणसाला काय उत्तर द्यावे ते आम्हाला सुचले नाही. त्यांनी मुलांच्या ओंजळी खायच्या द्राक्षांनी भरल्या, पैसे घेतले नाहीत. आम्ही डबा उघडला, त्यांना पराठा देऊ लागलो आणि खिमा आठवून हात मागे घेतला. मग लोणच्याची बरणीच त्यांच्या घरी ठेवून आलो.

जोहरची कसर नमाज त्याच बांधावर झाली. ड्रायव्हरभाई आमच्यासोबत उभे राहिले. सलाम फेरल्यावर स्वतःच बोलू लागले. मालेगावात बापाचा पॉवरलूम होता, तो बंद पडला. दोन मुली शिकताहेत. आठवड्यातून चार दिवस याच सहली. “बहुत बार सोचता हूं सर, ये कमाई कैसी है,” ते म्हणाले. हदीसमध्ये शराब वाहून नेणाऱ्याचाही उल्लेख आहे, हे त्यांना पाठ होते. “लोक बाटल्यांचे बॉक्स घेऊन येतात. डिकी मी उघडतो, पण बॉक्सला हात लावत नाही, त्यांनाच ठेवायला सांगतो. मालकाला माहीत आहे. तेवढेच माझ्या हातात आहे.” फतवा द्यायला आम्ही कोण? खालाजान, ज्या सकाळी सगळ्यात कडक होत्या, त्यांनी फक्त मुली कितवीत आहेत ते विचारले आणि मोठीला बारावीनंतर काय करता येईल ते आमच्याकडून लिहून घ्यायला लावले.

विंचूर गाडीतूनच पाहिले. पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांचे हे गाव, उतरायला वेळ नव्हता. येवल्यात मात्र दोन-अडीच तास मिळाले. तात्या टोपे यांचे जन्मगाव, पैठणीचे गाव. एका घरात हातमागावर पदर विणला जात होता. मोराचा एक पिसारा भरायला किती वेळा धोटा फिरतो ते मुलांनी मोजायला घेतले आणि पन्नासनंतर सोडून दिले. साध्या पैठणीला काही आठवडे, भरजरी पदराला महिने. सकाळच्या लेण्यातले विणकर आठवले. आम्ही किमती विचारल्या, मान हलवली आणि रुमाल घेतले.

मग मुक्तिभूमी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी इथेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि ती पुरी झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आमच्या नागपुरात. दीक्षाभूमी आमच्या रोजच्या रस्त्यावर आहे. त्या रस्त्याचे दुसरे टोक येवल्यात आहे, हे तिथे उभे राहिल्यावर कळले. मार्गदर्शकाने आमच्याकडून दसऱ्याच्या गर्दीची हकीकत ऐकली. दिवसभरात पहिल्यांदाच आम्ही सांगत होतो आणि तो ऐकत होता.

नागपुरातून कुणी जाणार असेल तर एवढे करावे : भाषा कितीही गोड असली तरी ‘द्राक्षमळा’ म्हणजे नेमके काय, जेवण कुठे आणि कूपन कशाचे, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारावे. मळाच पाहायचा असेल तर तसे सांगावे, शेतकरी आनंदाने दाखवतात. आणि जुन्या नाशिकला अर्धा दिवस मागून घ्यावा.

रात्री मनमाड स्टेशनला उतरलो. सात कूपने तशीच होती. मार्गदर्शकाला परत दिली तर तो म्हणाला, यांचे पैसे परत मिळत नाहीत. ड्रायव्हरभाईंनी सामान फलाटापर्यंत आणले, द्राक्षांच्या पिशवीसकट. इशा सोबतच पढलो. निघताना त्यांनी स्वतःचा नंबर मुलीच्या वहीत लिहिला. “अगली बार सीधा मुझे फोन करना,” ते म्हणाले. “लेणी, दर्गाह, येवला सब दिखाऊंगा. मळा पण दाखवीन, माळकरी बाबांचा.”