बंद पडतो, पण कधी?

"भैया, कॉम्प्युटर आपोआप बंद पडायलाय, फॉरमॅट मारून द्या." लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडमध्ये संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे तक्रार येते ती बहुतेक अशी, दुखणं आणि औषध एकाच दमात. फॉरमॅट मारणं सोपं असतं. दोन तासांत विंडोज नवी कोरी होते, मशीन हलकं वाटतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. आठवड्याने तेच मशीन त्याच तक्रारीसह परत येतं आणि मग सगळा दोष व्हायरसच्या डोक्यावर जातो.

मुरलेला कारागीर फॉरमॅट मारताना हात आखडता घेतो, कारण फॉरमॅटने पुरावा पुसला जातो. विंडोज कोसळताना बहुधा मिनीडम्प नावाच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाईल टाकून जाते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तारीख-वेळेसह नोंदी असतात. त्या वाचण्याआधी सी ड्राईव्ह साफ करणं म्हणजे पंचनाम्याआधी घटनास्थळ सारवून टाकणं. म्हणून त्याचा पहिला प्रश्न असतो, बंद पडतो तो कधी? सकाळी पहिल्यांदा चालू करताना, अर्ध्या तासाने, गेम लावल्यावर, प्रिंट दिल्यावर, की लाईट जाता-येताना? गिऱ्हाईक म्हणतं, "तसं काही नाही, कधीबी पडतो." हे उत्तर सहसा खरं नसतं. घरातल्या शाळकरी पोराला विचारलं तर तो नेमकं सांगतो, कारण ऐन टेस्ट पेपर सोडवताना मशीन त्याच्यावरच उलटलेलं असतं.

'कधी'चं उत्तर मराठवाड्यात अनेकदा विजेच्या वेळापत्रकात सापडतं. शेतीपंपांना थ्री फेज वीज आलटून पालटून मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. शेतातल्या वस्तीवरचं घर त्याच लाईनवर असेल तर वीज आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपीवरचा दाब कोसळतो. नियमाप्रमाणे घरगुती 230 व्होल्टच्या पुरवठ्यात 6 टक्क्यांहून जास्त चढउतार नको, म्हणजे तो 216 च्या खाली उतरता कामा नये. लाईनच्या टोकाच्या घरात मीटर लावून पाहिलं की या नियमाची काय पत्रास ठेवली जाते ते कळतं.

संगणकाचा एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. आत शिरणारी वीज क्षणभर थांबली तरी पोटातल्या कपॅसिटरमध्ये साठवलेल्या ऊर्जेवर तो तग धरतो. भारावर 16-17 मिलिसेकंद तग धरावा, अशी एटीएक्स मानकाची अपेक्षा असते. पण ही साठवण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर स्वस्तातल्या एसएमपीएसमधला साठा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटतो. दिवा नुसता मिचकावतो, पंख्याला पत्ताही लागत नाही आणि संगणक मात्र रीस्टार्ट होतो. घरच्यांना वाटतं, संगणकात बिघाड आहे.

त्यात इन्व्हर्टरची भर. घरगुती इन्व्हर्टरला बऱ्याचदा एक छोटा खटका असतो, एका बाजूला यूपीएस मोड आणि दुसऱ्या बाजूला साधा मोड. यूपीएस मोडमध्ये बॅटरीवर जाण्याचा वेळ संगणकाला झेपेल इतका कमी असतो, साध्या मोडमध्ये तो जास्त लागतो. मग खटका साध्या मोडवर कोण ठेवतं? इलेक्ट्रिशियन ठेवतो, आणि त्याचंही चुकत नाही. यूपीएस मोड कमी व्होल्टेज खपवून घेत नाही. दाब जरा उतरला की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो आणि उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत बॅटरी रिकामी होते. पंखा रात्रभर चालावा म्हणून त्याने खटका फिरवलेला असतो. पंख्याचं भलं होतं, संगणकाचा जीव जातो. फॉरमॅट इथे काय करणार?

अर्थिंगची गोष्ट आणखी वेगळी. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात हे लोक इतकं सहज सांगतात, की जणू ते मशीनबरोबर फुकट मिळालं आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध बसून अर्थिंगला जोडलेले असतात. घरात अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब येतो, साधारण 115 व्होल्ट. प्रवाह अगदी कमी असल्याने माणसाला सहसा नुसती चुणचुण जाणवते, पण पेन ड्राईव्ह किंवा प्रिंटरची वायर लावताना मशीन अडकायला तेवढं पुरतं. उपाय पुस्तकात सोपा आहे. अर्थिंग करा आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे मे महिन्यात खड्ड्यात बादली ओता म्हणून सांगायला जीभ धजत नाही.

वीज निर्दोष निघाली तर पाळी येते उष्णतेची. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. डिसेंबरात 22 अंशांच्या खोलीत 65 अंशांवर चालणारा प्रोसेसर 42 अंशांच्या पत्र्याच्या खोलीत त्याच कामाला 85 गाठतो. वर पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर आणि हीटसिंकच्या चार प्लॅस्टिकच्या पायांपैकी एक तुटलेला. एक पाय तुटला की हीटसिंक एका बाजूने उचलला जातो आणि त्याच्या नि प्रोसेसरच्या मधली पेस्ट असून नसल्यासारखी होते. 2001 साली टॉम्स हार्डवेअरने चालू संगणकाचे हीटसिंक काढून दाखवले होते. पेंटियम 4 संथ होऊन टिकला, अ‍ॅथलॉन जळून गेला. आजचे प्रोसेसर आधी वेग कमी करतात आणि अगदीच असह्य झालं की बंद पडतात. म्हणून 'बंद पडण्याआधी हळू चालतो का?' हाही विचारण्यासारखा प्रश्न.

विंडोज कोसळताना येणाऱ्या निळ्या पडद्याचं भय लोकांना उगाच असतं. तो दिसणं खरं तर उपकारच, कारण त्यावर निदान नाव-गाव तरी असतं. पण एक्सपीपासून विंडोजमध्ये कोसळल्यावर आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय मुळातच चालू असते. पडदा क्षणात येतो नि जातो, घरच्यांना दिसतो फक्त रीस्टार्ट. सेटिंगमधली त्या सोयीसमोरची खूण काढून टाकली की अर्धी गुंतागुंत सुटते. पडदा थांबला तर विंडोज किंवा ड्रायव्हर ठेचकाळला, हे समजतं. पडदा आलाच नाही आणि मशीन थेट काळं झालं, तर संशय विजेवर किंवा उष्णतेवर. इव्हेंट व्ह्यूअरमधली कर्नल-पॉवर 41 ही नोंद दाखवून 'पॉवरचा प्रॉब्लेम' असं ठोकून देणारे मात्र भेटतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते, की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. एवढं गिऱ्हाईकाने दारातच सांगितलेलं असतं.

पुढचा संशयित रॅम, आणि तिच्यावरचा सर्वमान्य तोडगा म्हणजे खोडरबर. सोनेरी पट्ट्या घासल्या, परत बसवली, मशीन चालू. हा तोडगा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दमट हवा आणि धूळ यांनी पट्ट्यांवर खरोखर थर बसतो, आणि काढून परत बसवण्यानेच पुष्कळदा काम होतं. पण रॅमची चिपच सदोष असेल तर खोडरबर काय करणार? त्यासाठी मेमटेस्ट 86. 1994 पासून चालत आलेला हा प्रोग्राम विंडोजच्या बाहेर चालतो आणि रात्रभर मेमरी तपासतो. गूगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 मध्ये गूगलच्या सर्व्हरांचा हिशेब मांडला, तेव्हा वर्षभरात 8 टक्क्यांहून जास्त रॅममध्ये चुका आढळल्या. सर्व्हरांची रॅम आपली चूक नोंदवू शकते. घरच्या संगणकाची रॅम बहुधा गप्प राहते आणि चूक तशीच पुढे ढकलते.

पुन:पुन्हा बंद पडण्याबद्दल सगळ्यात उपयोगी आकडा मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2011 मध्ये दिला. जवळपास साडेनऊ लाख घरगुती संगणकांच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवलं, की हार्डवेअरमुळे एकदा कोसळलेलं मशीन पुन्हा कोसळण्याची शक्यता शंभरपटीपर्यंत वाढते. 'एकदाच झालं होतं, नंतर नाही' या वाक्यावर विसंबू नये ते यासाठी. असेंबल्ड मशीन ब्रँडेडपेक्षा जास्त वेळा पडतात, हेही त्यात निघालं. गावाकडचे डेस्कटॉप बहुतेक असेंबल्ड असल्याने हे ऐकायला कडू आहे. पण ब्रँडचं तरी काय? या शतकाच्या सुरुवातीला बाजारात सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर पसरले, तेव्हा डेलनेही आपल्या ऑप्टिप्लेक्स मशीनच्या दुरुस्तीसाठी 2005 मध्ये 30 कोटी डॉलरच्या आसपास रक्कम बाजूला काढली होती. त्या काळातल्या मदरबोर्डवर टोपी फुगलेले कपॅसिटर नुसत्या डोळ्यांना दिसत. 2020 च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांसाठी माळ्यावरून उतरलेल्या जुन्या मशीनमध्ये ते पुन्हा दिसले.

इतक्या संशयितांतून एकाला धरायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. आधी दुसरा एसएमपीएस लावायचा आणि मशीन दोन दिवस चालवायचं. मग एकच रॅम, मग दुसरी. नवशिका एसएमपीएस, रॅम आणि पेस्ट एकाच बैठकीत बदलतो. मशीन चालतं, पण कशाने चाललं हे त्यालाही कळत नाही, आणि चांगला भाग भंगारात जातो. काही मशीन मात्र दुकानाच्या टेबलावर आठवडाभर एकदाही पडत नाहीत. तेव्हा मशीन सोडून घरी जावं लागतं आणि बोर्डाची पिन, एक्स्टेन्शन, त्याच फळीवरचा मिक्सर पाहावा लागतो.

अडचण येते ती बिलाची. फॉरमॅटचा दर गावात सगळ्यांना पाठ असतो, नव्या एसएमपीएसची किंमत डब्यावर छापलेली असते. पण दोन दिवस मीटर धरून, शेवटी इन्व्हर्टरचा एक खटका फिरवून मशीन बरं केलं, तर काका चष्मा वर सारून विचारतात, "काहीच नवं टाकलं नाही, मग पैसे कशाचे?" यावर समजावत बसण्यापेक्षा बरेच कारागीर जाता जाता पेस्ट बदलतात, ब्लोअर मारतात आणि पावतीवर लिहितात: सर्व्हिसिंग.