मातीचे बैल

पोळा जवळ आला की ओढ्याकाठची काळी माती आणून मी बैल करायचो. वळचणीला ते वाळत ठेवलेले दिसले, आणि मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी आजीला बजावलं, "पोराला आवरा. दुसरी आज्ञा ठाऊक हाय ना? मूर्त्या करतंय!"

आजीला अक्षर येत नव्हतं, पण उत्पत्तीचं पुस्तक ऐकून ऐकून पाठ. म्हणाली, "दादा, पोरगं काय त्यांच्या पाया पडतंय व्हय? आन् देवानं आदामाला कशाचा केला? मातीचाच ना?"

बैल वाचले.

पुढं निर्गमच्या पुस्तकात मला बसालेल भेटला. देवानं त्याला आपल्या आत्म्यानं भरलं ते उपदेशासाठी नव्हे. सोनं, रुपं, पितळ घडवायला, रत्नं जडवायला, लाकूड कोरायला. म्हणजे कारागिराच्या हातातही देवाचा आत्मा! उपदेशात हे मी क्वचितच ऐकलं. ना. वा. टिळकांना मात्र ते उमगलं असावं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन त्यांनी टाकलं नाही; ख्रिस्तालाच ओवीत आणलं. आमच्या नगरकडं अजून पेटी-टाळाशिवाय भजनाला रंग चढत नाही.