चेन थंड होऊ द्या

चेन सॉची ढिली चेन सगळ्यांना दिसते. जास्त ताणलेली कुणालाच दिसत नाही. पुलगावच्या आसपास धुऱ्यावरची झाडं कापणारे आम्ही लोक लोंबत्या चेनला भितो आणि पाना हातात आला की अर्धा फेरा जास्तच देतो. ढिली चेन बारवरून उतरते, ती भीती खरीच. पण ताठ चेन बार झिजवते, स्प्रॉकेट खाते, बेअरिंगवर ओढ आणते आणि हे सगळं मुकाट्यानं चालतं.

त्यात आमचं ऊन. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा मशीनला हात लावला तरी चटका बसतो. वाळल्या बाभळीत चेन घातली की घर्षणानं पोलाद आणखी तापतं, लांबतं आणि बारखाली लोंबायला लागतं. सोबतचा पोरगा लगेच विचारतो, ‘‘काका, चेन ढिली झाली जी, कसू का?’’

‘‘थांब, थंडी होऊ दे.’’

तापलेली चेन कसून मशीन तशीच ठेवली, तर निवताना ती आखडते आणि बारला आवळून धरते. खाचेतल्या कड्या बाहेर यायला लागल्या अन् काम सोडवतच नसेल, तर थोडी कसावी. पण काम संपताच आठवणीनं सैल करावी. ट्रॉली लावून उभ्या असलेल्या मालकाला हे थांबणं पटवणं मात्र अवघड.

कसायची रीत साधी आहे. इंजिन बंद, प्लगची वायर काढलेली, हातात जाड मोजे. बारचे नट सैल करायचे, बारचं टोक वर उचलून धरायचं आणि चेन खालच्या कडेला टेकेपर्यंत ताणाचा स्क्रू फिरवायचा. टोक वर धरूनच नट आवळायचे. हे उचलणं राहिलं तर पहिल्याच खोडात बार वर सरकतो आणि चेन पुन्हा लोंबते. मग ब्रेक सोडून चेन हातानं फिरवून पाहायची. न अडखळता फिरली आणि खाली ओढून सोडल्यावर चटकन जागेवर गेली, म्हणजे झालं. नवी चेन सुरुवातीला फार लांबते. तिच्याकडे वरचेवर बघावं.

पण ताण नीट असूनही दात बोथट असले तर उपयोग नाही. धारेची चेन लाकडाचे तुकडे फेकते, बोथट चेन पीठ काढते. पीठ दिसलं की माणूस मशीन दाबतो, आणि दाबणाऱ्याचा तोल मशीनच्या ताब्यात जातो. आजच्या चेनचे दात एक डावा, एक उजवा असे असतात. अमेरिकेत जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं 1946 साली एका भुंग्याची अळी लाकूड डावी-उजवीकडे कुरतडत जाताना पाहिली, त्यातून ही रचना निघाली. म्हणूनच दोन्ही बाजूंना कानस सारखी बसली पाहिजे. उजव्या हाताच्या माणसाची एक बाजू हमखास जास्त घासली जाते, आणि मग काप खोडात वाकडा जातो. माझ्या चेनला 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते, कोन 30 अंशांचा. चेन बदलली की माप बदलतं. कानस पुढे ढकलताना दाबायची, मागे आणताना उचलायची.

दातापुढचा छोटा उंचवटा काहीजण बेधडक घासून टाकतात, चेन जास्त खाते म्हणून. हे मला अजिबात मान्य नाही. तो दाताला किती खोल जायचं ते ठरवतो. दातापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली असला की पुरे. तो नको तितका खाली गेला की दात लाकडात अडकतो, आणि बारच्या टोकाचा वरचा भाग खोडाला लागला तर मशीन उसळून थेट तोंडाकडे येते.

सर्वांत वाईट धार जाते ती कडुनिंबात. लाकडामुळे नाही, खिळ्यांमुळे. धुऱ्यावरच्या झाडाला कुणीतरी कधीतरी कुंपणाची तार ठोकलेली असते आणि साल तिला गिळून टाकते. म्हणून मशीन चालू करायच्या आधी मी मालकाला विचारतो, तार कुठवर होती. तो कमरेजवळ हात धरून दाखवतो. झाड जाडीनं वाढतं, खिळा मात्र ठोकला त्याच उंचीवर राहतो. तरी मी त्याच्या हातापेक्षा वीतभर वरच काप घेतो.