घोड्यावर कोणत्या बाजूनं चढतात?

माझ्या पहिल्या बायोडाट्यात घोडेस्वारी होती.

१९९४ साल. सांगलीतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी तो करून घेतला. नाव, वडिलांचं नाव, उंची, बी.ए.चे गुण आणि कॉलेजात केलेल्या चार एकांकिका एवढं झाल्यावर खाली चार बोटं कागद कोरा उरला. टायपिस्ट म्हणाला, "छंद टाका की ताई, पान भरल्यासारखं दिसंल." मी वाचन सांगितलं, संगीत सांगितलं, आणि दोनच छंद बरे दिसेनात म्हणून तिसरा सांगितला. आठवीच्या सहलीत माथेरानला दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत मी घोड्यावर बसले होते. लगाम अर्थातच घोडेवाल्याच्या हातात होता.

नाट्यशिक्षणाच्या प्रवेशासाठी दिल्लीत मुलाखत होती. टेबलापलीकडे पाच जण. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी माझा कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि अगदी प्रेमानं विचारलं, घोड्यावर कोणत्या बाजूनं चढतात? मी म्हणाले, "जिकडून जमेल तिकडून." पाचही जण हसले. आपला विनोद जमला असं मला वाटलं. मग त्यांनी विचारलं, संगीत म्हणजे ऐकता की गाता? त्यानंतर विचारलं, या चार एकांकिकांपैकी कोणती आज पुन्हा केलीत तर वेगळी कराल? तोवर माझा घसा कोरडा पडला होता. उरलेला वेळ, मी खरंच केलेल्या कामाबद्दलही माझ्यावर कोणी विश्वास ठेवतंय असं मला वाटेना.

निवड झाली नाही. घोड्यामुळे झाली नाही असं म्हणणं सोयीचं आहे, पण तिथे करून दाखवलेला नाट्यप्रवेशही मी वाईटच केला होता. घोड्यावर डावीकडून चढतात, हे पुढे एका मालिकेच्या सेटवर कळलं.

आता गंमत अशी, की वर्षातून दोन-तीन कॉलेजं मला 'सीव्ही आणि मुलाखतीची तयारी' शिकवायला बोलावतात. गेल्या सप्टेंबरात नागपूरला अशी दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. नाटक, कथक, गाणं, तबला असे सगळे मिळून बावीस जण होते. माझ्याबरोबर एक तबलावादक मित्र होता. समोर सतरंजीवर मुलं, आणि आमच्या हातात बावीस सीव्ही.

पंधरा सीव्हींची सुरुवात सारखीच होती. नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या प्रगतीत योगदान देण्याची इच्छा. इंजिनिअर भावाच्या लॅपटॉपवरून आलेलं वाक्य असणार. कथक करणाऱ्या मुलीला मी विचारलं, तुला नेमकं कोणतं पद हवंय? ती म्हणाली, "मला तर कार्यक्रम हवेत." ते वाक्य आम्ही पंधराही जणांच्या कागदावरून काढून टाकलं.

फोटोंचं काय सांगू! कोणी लग्नात काढलेला, कोणी फिल्टर मारून गोरा केलेला, एकाचा तर मोटारसायकलवरचा, गॉगलसकट. कास्टिंग करणाऱ्याला तुमचा चेहरा हवा असतो. मोकळी भिंत, खिडकीचा उजेड, केस मागे, मेकअप नाही, मोबाइल डोळ्यांच्या रेषेत. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी एकमेकांचे फोटो काढले आणि तो विषय अर्ध्या तासात संपला.

तबल्याच्या मुलानं 'विशारदपर्यंत शिक्षण' असं लिहिलं होतं. मित्रानं विचारलं, "विशारद झालास?" "नाही सर, बसणार आहे." म्हणजे गांधर्व मंडळाची मध्यमा पूर्ण झालेली. 'पर्यंत' या एका शब्दात बिचाऱ्यानं दोन परीक्षा दडवल्या होत्या. त्याला केंद्र सरकारची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती हवी होती. वय १८ ते २५, दोन वर्षं, महिना ५,००० रुपये. तिथे वाजवूनही दाखवावं लागतं आणि बोलावंही लागतं. मित्र म्हणाला, "रूपक वाजव." मुलानं झकास वाजवला. "आता सांग, यात वेगळं काय आहे?" मुलगा गप्प. बोटांना माहीत होतं, जिभेला नव्हतं. मित्रानं त्याला तबल्यावरून उठवून खुर्चीत बसवलं आणि हातावर ताल द्यायला लावला. पहिल्या मात्रेला हात बाजूला गेला, टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेला पडल्या. तेव्हा तो आपणहून म्हणाला, "सर, सात मात्रांचा आहे आणि याची समच खाली आहे." हेच वाक्य मुलाखतीत म्हणायचं, एवढंच. त्याच्या सीव्हीत आता 'मध्यमा पूर्ण, विशारदची तयारी सुरू' असं आहे, आणि गुरूंकडे किती वर्षं, साथ कोणाकोणाला केली तेही.

दुपारी खोट्या मुलाखती घेतल्या. नाटकाची मुलं मुलाखतीला येत नाहीत, एंट्री घेतात. एकानं दारातच थांबून उजेड कुठून येतोय ते पाहिलं आणि मग तिसऱ्या घंटेनंतरच्या आवाजात 'नमस्कार' म्हणाला. त्याच्या कागदावर युवक महोत्सवातली एकांकिका होती, पुढे 'सहभाग'. काय केलंस? "लाइट मॅडम." मग तसं लिही ना! प्रयोगात एक डिमर उडाला तेव्हा काय केलंस, असं विचारल्यावर तो साध्या आवाजात, हात हलवत, दहा मिनिटं बोलला. मला थांबवावं लागलं.

आणि एक मुलगी होती गडचिरोली जिल्ह्यातली. तिच्या सीव्हीत दोन एकांकिका होत्या, अर्धं पान रिकामं. मुलाखतीत तिनं तीन प्रश्नांना 'हो' आणि दोनांना 'नाही' असं उत्तर दिलं. चहाच्या वेळी ती मैत्रिणीला सांगत होती, की दिवाळीनंतर तिला कॉलेजला सुट्ट्या टाकाव्या लागतील, वडशाच्या एका कंपनीत तिचं काम आहे.

मी कप खाली ठेवला. वडसा म्हणजे देसाईगंज, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र. तिथे कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावोगावची मंडळं येऊन नाटक बुक करतात. दिवाळीनंतर मोसम सुरू होतो तो होळीपर्यंत. मंडईची जत्रा असो, बैलांचा शंकरपट असो, रात्री नाटक हवंच. ते रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

"तू कधीपासून करतेस?"

"सातवीत होती तेव्हापासून, जी."

"वर्षाला किती?"

"मागच्या साली चाळीसेक रात्री झाल्या असतीन."

"मग हे इथं का नाही लिहिलंस?"

"ते तं झाडीचं आहे जी मॅडम. ते काई सीव्हीत टाकाचं असते का?"

चाळीस रात्री! पुण्या-मुंबईचा विशीतला नट वर्षाला चाळीस प्रयोग मिळावेत म्हणून नवस करील. मी तिला खोदून विचारत गेले. तालमीला दिवस थोडे मिळतात, त्यामुळे प्रॉम्प्टर शब्द टाकतो तो उचलून, जणू आपलाच आहे अशा थाटात बोलावं लागतं. गाणी प्रत्यक्ष गावी लागतात, वाद्यवृंद समोर असतो. वन्स मोअर आला तर प्रसंग तिथेच थांबवून पुन्हा गायचं आणि मग परत रडायचं. थंडीत पहाटे तीनला रडायचं. माईक बंद पडला तर मागच्या ओळीपर्यंत आवाज पोचवायचा. हे ती अशा सुरात सांगत होती, की जणू भात कसा लावतात ते सांगतेय.

त्या रात्री मी हॉटेलच्या खोलीत बसून तिचा सीव्ही स्वतः लिहिला. फार खूश होते मी. 'झाडीपट्टीच्या मातीतून उमललेली लोककलावंत. दंडार, खडी गंमत आणि संगीत नाटक या समृद्ध परंपरांची वारसदार.' सकाळी प्रिंट काढून तिच्या हातात दिला. तिनं शांतपणे वाचला, पेन मागितलं आणि दोन ओळी खोडल्या.

"मी दंडार नाई केली जी कधी. आमच्या मोठ्या बाबांनं केली. खडी गंमत तं पाह्यली पन नाई. मी नाटक करतो."

आणि 'लोककलावंत' खोडून 'नटी' लिहिलं.

मला एकदम दिल्लीतलं ते टेबल आठवलं. तीस वर्षांनी मी दुसऱ्याच्या मुलीला घोड्यावर बसवून पाठवत होते. आणि समजा मुलाखतीत कोणी विचारलं असतं, दंडारीत कोणती वाद्यं असतात, तर?

मग आम्ही दोघींनी मिळून लिहिला. मोसमाचं वर्ष, नाटकाचं नाव, भूमिका, साधारण किती रात्री. तिला आठवेना तिथे 'साधारण' हा शब्द ठेवला. खाली कौशल्यात तीनच गोष्टी: प्रॉम्प्टिंगवर काम करता येतं, वाद्यवृंदाबरोबर गाता येतं, झाडीबोली. संदर्भासाठी कंपनीच्या निर्मात्याचा नंबर, आधी फोन करून विचारून. एक पान पूर्ण भरलं आणि छंदांना जागा उरली नाही.

ऑक्टोबरात ती मुंबईला एका अभिनय शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला गेली. संध्याकाळी फोन आला. त्यांनी विचारलं म्हणे, प्रॉम्प्टर चुकला तर काय करतेस? "मी सांगतलं, त्याले सांभाळून घ्या लागते. थो बी थंडीतच बसून राह्यते."

निकाल अजून लागलेला नाही. दिवाळीनंतरची तिची पहिली अकरा बुकिंग मात्र लागली आहेत, आणि पहिल्या नाटकाला मी वडशाला जाते आहे.