कुंपण निघालं, पुढे?

मिरज जंक्शनवर उतरणाऱ्या माणसांच्या हातात पुष्कळदा एक्स-रेचं पाकीट असतं. 1890च्या दशकात डॉ. वानलेस यांनी इथं मिशनचा दवाखाना उभारला, तेव्हापासून कोकण-कर्नाटकातली दुखणीही ह्या गावाच्या आसऱ्याला येत राहिली. पण त्याच गाड्यांनी येणारा एखादा रोगी असा असे, की त्याच्यासाठी परतीचं तिकीट कुणी काढत नसे. लेप्रसी मिशनच्या रिचर्डसन हॉस्पिटलकडे तो जाई आणि घरच्यांच्या लेखी तिथेच संपे. अशी माणसं माण-खटावची होती, तशी तासगाव-खानापूरचीही. तासगाव-खानापूर तेव्हा साताऱ्यातच होते. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली पडलं. जिल्ह्यांच्या हद्दी हलल्या. महारोग्याला आखून दिलेली वेस मात्र तिथेच राहिली.

ह्या रोगात आधी वेदना जाते. तव्याचा चटका कळत नाही, पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी कळत नाही. हात-पाय असे बधिर होत असताना माणसाचं मन मात्र पुरतं जागं असतं. आपल्याला पाणी वरून ओतलं जातंय, आपलं ताट वेगळं ठेवलंय, हे त्याला दिसत असतं. कायदाही त्याच्या विरुद्धच होता. निराधार, भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला धरून आश्रमात कोंडण्याची मुभा देणारा 1898चा कायदा रद्द व्हायला 2016 साल उजाडावं लागलं. औषध त्याच्या कितीतरी आधी आलं होतं. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने 1951 नंतर रोग्याला गावात ठेवूनच उपचार करण्याची वाट घालून दिली, 1980च्या दशकात बहुऔषधोपचार आले आणि सहा महिने ते दोन वर्षांच्या गोळ्यांनी माणसं बरी होऊ लागली. खाटा रिकाम्या झाल्या. हा विजय फार मोठा आहे, आणि तो मला मनापासून साजरा करावासा वाटतो.

पण खाट रिकामी झाली म्हणून माणूस घरी गेला, असं झालं नाही. घर होतं कुठे? भावांच्या वाटण्या झाल्या होत्या, नाव पुसलं गेलं होतं. मग कुष्ठरोग्यांच्या वसाहतींमध्येच माणसांनी एकमेकांशी लग्नं केली, पडवीत तुळस लावली, मुलं शाळेत घातली. हवाईतल्या कालाउपापा द्वीपकल्पावरचं विलगीकरण 1969 साली उठलं, तेव्हाही कित्येकांनी तिथेच राहणं पसंत केलं. ज्या जागी त्यांना कोंडलं, त्याच जागेचं त्यांनी गाव केलं होतं.

आता अडचण जमिनीची आहे. वसाहती मुद्दाम गावाबाहेर, माळावर वसवलेल्या होत्या. शहरं वाढत त्यांच्यापर्यंत आली आणि जो माळ कुणाला नको होता त्याला भाव आला. कोल्हापूरच्या शेंडा पार्कात एकेकाळी कुष्ठरोग्यांचं रुग्णालय होतं. त्या परिसरात आज सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्णालय व्हावं, कॉलेज व्हावं, त्याला माझा विरोध नाही. क्रीटजवळच्या स्पिनालोंगा बेटावरची वसाहत 1957 साली बंद झाली आणि पुढे पर्यटक तिकीट काढून ती पाहू लागले. वडाळ्याच्या अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाने संग्रहालय केलं. भिंतींचं काहीतरी होतंच. माणसं तिथे राहत असताना त्यांना विचारल्यावाचून ते ठरू नये, एवढंच.

आयुष्यभर ज्यांना सातबाऱ्यावरून खोडलं, त्यांच्या म्हातारपणी पुन्हा एकदा ‘जागा सोडा’ म्हणणं हा अन्याय आहे. नातवाने अर्जात वसाहतीचा पत्ता लिहावा आणि समोरच्याची नजर बदलावी, हे अजून घडतं. ते थांबायला वेळ लागेल. राहत्या घराचा कागद करायला मात्र तेवढा वेळ लागत नाही. जमीन सरकारची असेल तिथे सरकारने, संस्थेची असेल तिथे संस्थेने, नवा आराखडा मांडण्याआधी ही घरं तिथल्या माणसांच्या नावावर करावीत. सातारा-सांगलीतल्या वाचकांनी आपल्या भागात अशी वसाहत असेल तर हा प्रश्न ग्रामसभेत आणि नगरपालिकेत विचारावा.